शैली मोकळी, पण चित्र नाही

शैलीवर कॉपीराइट नसतो, म्हणून दुसऱ्याच्या शैलीतलं चित्र टी-शर्टवर बिनधास्त छापा, असं एका लेखात म्हटलंय. पहिला भाग बरोबर, दुसरा घातक. आमच्या बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी मंडळांच्या टी-शर्टांची नुसती गडबड असते. मोडी वळणाची जाड अक्षरं, मागे भगवा फटकारा, हे कुणीही काढावं. पण शहापुरातल्या एका पोरानं हातानं लिहिलेलं ‘शिवबा’ दुसऱ्या छपाईवाल्यानं कोरल या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं, म्हणजे रेघ न् रेघ गिरवून घेतलं. वेलांटीच्या टोकाला फाटलेली शाईसुद्धा जशीच्या तशी उतरली! ही प्रेरणा नव्हे, चोरीच. त्या पोराला एक रुपया मिळाला नाही, याचा मला संताप येतो.

‘वीस टक्के बदललं की चालतं’ असं सर्रास सांगतात. कायद्यात असा आकडाच नाही. आर. जी. आनंद या कॉपीराइटच्या खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयानं कसोटी दिलीय: दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटतं का?

चित्रकारांनीही जपावं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता स्वतः किंवा परवानगी देऊन औद्योगिक प्रक्रियेनं ५० हून जास्त वेळा मालावर उतरवलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मुळे त्यावरचा कॉपीराइट संपतो. त्या लेखाच्या लेखकांनी यावर सविस्तर लिहावं, ही विनंती.