‘अंदाजपंचे कोडी’ या अभिप्रायास प्रकाशकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या काकुरो कोड्यांच्या, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींच्या घरांत १ ते ९ अंक भरून प्रत्येक ओळीची दिलेली बेरीज जुळवण्याच्या कोड्यांच्या, पुस्तकाला दोन तारे देऊन आपण सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभारी आहे. २७ क्रमांकाचे कोडे सुटतच नाही, ३४ क्रमांकाच्या कोड्यात सात घरांमध्ये ४१ ही बेरीज मांडण्याचे हजारो प्रकार निघत असल्याने तर्काऐवजी अंदाजपंचे काम करावे लागते, आणि हा सगळा खटाटोप म्हणजे सुडोकूलाच नवे नाव देऊन विकणे आहे, असे आपले आक्षेप आहेत. नववीतल्या आपल्या मुलीने तीन संध्याकाळी खाडाखोड करून अखेर पुस्तक मिटून ठेवले, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले.

२७ क्रमांकाच्या कोड्यातली चूक पूर्णपणे आमची आहे. उजव्या बाजूच्या तीन घरांच्या उभ्या ओळीची बेरीज २३ हवी होती. अक्षरजुळणीत ती ३२ झाली आणि मुद्रिते तपासताना माझ्या नजरेतून निसटली. एका ओळीत कोणताही अंक दोनदा येत नसल्यामुळे तीन घरांची बेरीज फार तर ९, ८ आणि ७ मिळून २४ होते, त्यामुळे छापलेल्या रूपात ते कोडे कोणालाही सुटणे शक्य नव्हते. कृपया ३२ खोडून २३ करावे आणि मुलीला पुन्हा बसवावे. तीन घरांत २३ केवळ ६, ८ आणि ९ यांचीच होते. या ओळीच्या वरच्या घरातून दोन घरांची ७ बेरजेची आडवी ओळ जाते. तिथे ८ किंवा ९ मावत नाही, म्हणून ६ आणि शेजारी १. मधल्या घरातून १६ ची आडवी जोडी जाते आणि ती फक्त ७ व ९ यांची असते, म्हणून मधे ९, शेजारी ७ आणि तळाच्या घरात ८. एका दुरुस्तीने तो सगळा कोपरा भरतो. ज्यांच्याकडे हे पुस्तक आहे त्या सर्वांनीच ही दुरुस्ती करून घ्यावी, अशी विनंती आहे.

३४ क्रमांकाच्या कोड्याविषयी मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे. सात वेगळे अंक सात घरांत मांडण्याचे ५०४० क्रम होतात, त्यामुळे ‘हजारो प्रकार’ हे आपले गणित बरोबर आहे; पण क्रमाचा विचार नंतर करायचा असतो, आधी ओळीत कोणते अंक आहेत ते ठरवायचे असते. १ ते ९ या सर्व अंकांची बेरीज ४५ होते. सात घरे भरली की दोन अंक बाहेर राहतात, आणि ओळीची बेरीज ४१ असेल तर त्या दोघांची बेरीज ४ असलीच पाहिजे, म्हणजे १ आणि ३ बाहेर. ओळीत २, ४, ५, ६, ७, ८, ९ एवढेच उरले. आता या ओळीला छेदणाऱ्या उभ्या ओळी पाहाव्यात. एक दोन घरांची असून तिची बेरीज ३ आहे, म्हणजे १ आणि २. आपल्या ओळीत १ नाही, म्हणून त्या छेदावर २ येतो. दुसरी दोन घरांची ओळ ५ बेरजेची आहे, म्हणजे १ व ४ किंवा २ व ३. १ आणि ३ ओळीत नाहीत, २ आत्ताच वापरला गेला, म्हणून इथे ४ येतो. पेन्सिल उचलण्याआधी दोन घरे पक्की झाली आणि अंदाज कुठेही करावा लागला नाही.

आपण जोडलेल्या छायाचित्रात याच कोड्याच्या डाव्या कोपऱ्यात, चार घरांच्या २० बेरजेपाशी, खोडून खोडून कागद विरलेला दिसतो. चार घरांत २० होणारे अंकांचे बारा वेगवेगळे गट आहेत. सुरुवात करण्यासाठी त्याहून अवघड जागा क्वचितच सापडेल. दोन ते नऊ घरांच्या ओळींसाठी एकूण १२० बेरजा संभवतात आणि त्यांपैकी ३४ बेरजांना अंकांचा एकच गट असतो. तीन घरांच्या ६, ७, २३, २४ किंवा चार घरांच्या १०, ११, २९, ३० अशा टोकाच्या बेरजा आधी शोधाव्यात आणि २० सारख्या मधल्या बेरजा छेदांवरचे अंक मिळाल्यावर हाती घ्याव्यात. मुलीची मेहनत कमी पडलेली नाही. कुठून सुरुवात करायची, हे आम्ही तिला सांगितले नव्हते.

या सर्व गटांचा तक्ता पुस्तकात आहे, पण तो उत्तरांच्याही मागे, शेवटून दुसऱ्या पानावर आणि बारीक टंकात आहे. तो मागे ठेवण्याचा निर्णय माझाच होता. हे गट वाचकाने स्वतः शोधण्यात खरा आनंद आहे असे मला वाटत आले आहे आणि दोन-तीन घरांच्या बेरजांपुरते ते मी आजही म्हणेन. परंतु सात घरांच्या ओळीपाशी अडलेल्या नवख्या वाचकाला तक्ता सापडूच नये, हे चुकलेच. पुढच्या छपाईत तो पहिल्या कोड्याच्या आधी, मोठ्या टंकात येईल.

सुडोकूबाबत एवढेच सांगतो की हे कोडे त्याची नक्कल नाही. अमेरिकेतील डेल या प्रकाशनगृहाच्या कोड्यांच्या मासिकांत ते ‘क्रॉस सम्स’ या नावाने १९६६ मध्ये आले आणि आजच्या सुडोकूचे पूर्वरूप त्याच प्रकाशनगृहाने १९७९ मध्ये छापले. काकुरो हे नाव जपानी आहे; बेरीज या अर्थाचा ‘कासान’ आणि इंग्रजी ‘क्रॉस’ यांच्या जोडणीतून ते तयार झाले.

आपला पत्ता आमच्या दुकानाच्या निरोपपेटीत कळवल्यास शुद्धिपत्रक आणि मोठ्या टंकातला तक्ता टपालाने विनामूल्य पाठवतो. पुस्तक तरीही नको असेल तर पूर्ण किंमत परत करीन. लिहून खराब झालेली प्रतही चालेल. मुलीने २७ वे कोडे दुरुस्त करून सोडवले, तर ते कितपत जमले हे अवश्य कळवावे.

आपला,
प्रकाशक