खुलासा : डब्यातला ‘वॉटर चेस्टनट’ म्हणजे शिंगाडा नव्हे

चायनीज पदार्थांसाठी डबाबंद मिळणारा ‘वॉटर चेस्टनट’ हा आपला शिंगाडाच असून तो उपवासाला चालतो, असा संदेश सध्या फिरत आहे. तो मूळ मीच गेल्या आठवड्यात लिहिला होता आणि त्यातील माहिती चुकीची आहे.

इंग्रजीत दोघांनाही एकच नाव असल्यामुळे माझा घोटाळा झाला. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे दोन शिंगांचे फळ आहे. डब्यातला तो मात्र ‘एलिओकॅरिस डल्सिस’ या, लव्हाळ्याच्याच कुळातील वनस्पतीचा चिखलात वाढणारा कंद आहे. तिला पाती जवळपास नसतातच. नुसत्या हिरव्या, पोकळ, गोल काड्या उभ्या असतात आणि आत आडवे पडदे असल्यामुळे काडी चिमटीत दाबत नेली की ती टचटच वाजते. डबा बाजूला ठेवून ताजा कंद पाहिला, तर तपकिरी सालीवर गोल वळी दिसतात, शिंगे नव्हेत.

आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांतील उथळ पाणथळी हे तिचे नैसर्गिक घर. उत्तर ऑस्ट्रेलियातील काकडूच्या पूरमैदानांत पाणी ओसरू लागले की मॅगपाय हंस बाकदार चोचीने चिखल उकरून हेच कंद खातात. चीनमध्ये ती भाताप्रमाणे पाणी भरलेल्या खाचरांत लावतात.

उपवासाला हा कंद चालवावा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीवर आहे. परंतु शिंगाडा म्हणून नव्हे. कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये आणि ज्या गटांत तो पाठवला असेल, तेथे हा खुलासा द्यावा.