ढगाची किल्ली

आमच्या सोसायटीत माणसांना नावं नाहीत, फ्लॅट नंबर आहेत. ‘४०२ चा पाय मुरगळला’, ‘३०२ ची मुलगी यंदा बारावीला आहे’, असं आम्ही बोलतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मी २०३. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही ती सप्टेंबरच्या अगदी शेवटच्या रविवारी घेतो. गेल्या सभेत चहा किती सांगायचे ते विचारायला मी खाली गेलो. वर आलो तर टाळ्या चालू होत्या आणि मी सेक्रेटरी झालो होतो.

आधीचे सेक्रेटरी म्हणजे १०१ काका. अकरा वर्षं त्यांनी सोसायटी सांभाळली. दप्तराच्या कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत, त्यामुळे कुणाला शेअर सर्टिफिकेट हवं असलं की काकांना शर्टाची दोन बटणं काढावी लागत. माझ्याकडे किल्ली देताना त्यांचे डोळे भरून आले. ती किल्ली मी आमच्या फ्रीजवरच्या वाटीत टाकली हे त्यांना अजून माहीत नाही.

ते कपाट जिन्याखाली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याचं सगळ्यांना पाठ आहे. डोंबिवलीत किती पडला हे आमच्या कपाटावर लिहिलेलं आहे, खालून तिसऱ्या कप्प्यापर्यंत गंजाची रेघ आहे. त्या रेघेखालचे कागद पापडासारखे वाळलेत. उचलले की कडकड वाजतात.

म्हणून नव्या कमिटीच्या पहिल्याच बैठकीत मी मांडलं की सगळं दप्तर स्कॅन करून क्लाउडवर ठेवू आणि सोसायटीचा स्वतःचा ईमेल उघडू.

“क्लाउड म्हणजे?” ४०२ नी विचारलं.

“ढग,” मी म्हणालो. माझं चुकलंच.

“म्हणजे ज्यानं भिजवलं त्याच्याकडेच ठेवायला द्यायचं?”

मग मी अर्धा तास समजावलं की ढग वगैरे काही नसतो, कुणाच्या तरी भल्यामोठ्या वातानुकूलित गोदामात कपाटांच्या रांगा असतात, त्यात संगणक असतात आणि आपल्या फाइलच्या एकाहून जास्त प्रती काढून ठेवलेल्या असतात. अशी गोदामं आपल्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात कितीतरी उभी आहेत. हे ऐकून खजिनदार सावरून बसले. ऐरोली म्हटल्यावर त्यांना धीर आला. “वेळ पडली तर शिळफाट्यावरून जाऊन आणता येतील,” ते म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

ज्या कंपनीचा ढग घेतला तिचं नाव मी घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यामागे आदर जितका असे तितकीच भीतीही असे. माझंही तसंच आहे.

रविवारी सकाळी खातं उघडायला माझ्या हॉलमध्ये कमिटी जमली. पहिला प्रश्न नावाचा. साई, गणेश, कृपा, दर्शन, छाया या पाचांतले कुठलेही दोन शब्द घ्या, जोडा, आमच्या इमारतीचं नाव तयार होतं. शेजारच्या आणि त्याच्या शेजारच्या इमारतीचंही होतं. अर्थातच ते नाव कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. मध्ये टिंब टाकून पाहिलं, टिंबाला तिथे किंमत नाही. शेवटी संगणकानेच आमच्या नावाला ८३४७ अशी शेपटी लावून दाखवली. ३०२ ना अंकशास्त्र येतं. त्यांनी बेरीज केली, बावीस आली, बाविसाचे चार झाले. “चार म्हणजे राहू,” ते म्हणाले आणि गप्प बसले. राहूसकट आम्ही पुढे गेलो.

मग जन्मतारीख. मी माझी टाकत होतो, तर खजिनदारांनी हात धरला. खातं सोसायटीचं आहे, तारीखही सोसायटीचीच हवी, उद्या ऑडिटर विचारेल. इमारत १९९८ ची, पण बिल्डरच्या कृपेने सोसायटीची नोंदणी व्हायला २०१४ साल उजाडलं. ती तारीख टाकली. संगणकाने हिशेब केला आणि अतिशय मायेने सांगितलं की तू अजून लहान आहेस, आईबाबांना बोलाव.

सोसायटीचे आईबाबा कोण यावर जी चर्चा झाली ती मी इतिवृत्तात घेतलेली नाही. एका बाजूचं म्हणणं बिल्डर, पण तो जन्म देऊन पळालेला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं सोसायटीची नोंदणी करणारे उपनिबंधक. उपनिबंधकांच्या कार्यालयात जाऊन ‘साहेब, एका ठिकाणी पालक म्हणून सही हवी होती’ असं म्हणायची माझी तयारी नव्हती, म्हणून खजिनदार पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी स्वतःची तारीख ठोकून दिली. पुढच्या रकान्यात लिंग विचारलं होतं. ‘ती सोसायटी’ म्हणून स्त्रीलिंगी, असं ४०२ म्हणाले. ते मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही मानलं.

यानंतर आम्ही माणूस आहोत हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखा. डोंबिवलीच्या माणसाला सिग्नल ओळखायला सांगणं हा शुद्ध अन्याय आहे. तीनदा नापास झालो. चौथ्यांदा ३०२ च्या मुलीला बोलावलं, तिने अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर न करता काम केलं.

आता पासवर्ड. एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. एवढ्यावर एकट्या माणसाचा पाऊण मिनिट जातो, कमिटीचे सव्वादोन तास गेले. प्रत्येकाला आपलं कुलदैवत आत घ्यायचं होतं. शेवटी बहुमताने एक शब्द ठरला, त्याला सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. खजिनदार हा इतका काटेकोर माणूस आहे की त्यांनी तो ठराव, पासवर्डमधल्या ॲट आणि हॅशसकट, इतिवृत्तात लिहिला. आणि आमच्याकडे इतिवृत्ताची प्रत नोटीस बोर्डावर लागते. मंगळवारी दूधवाला मला म्हणाला, “साहेब, त्यात कॅपिटल एम कशाला घेतला?” बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप आहे, आत पासवर्ड आहे. आम्ही तो पुन्हा बदलला, या वेळी तोंडी.

शेवटची पायरी मोबाइल नंबरची. ओटीपी कुणाच्या फोनवर यावा? सेक्रेटरी बदलत राहतात, वॉचमनच्या केबिनमधल्या इंटरकॉमवर ओटीपी येत नाही. तेवढ्यात १०१ काका, ज्यांना बैठकीला बोलावलेलंच नव्हतं, दारातून म्हणाले, “माझा द्या. मी कायम घरातच असतो. किल्ली तर घेतलीत, निदान ओटीपी तरी राहू द्या माझ्याकडे.”

नाही म्हणवेना कुणाला.

मग दोन महिने सुखाचे गेले. कपाटातले कागद मोबाइलने टिपून वर चढवायचं काम ३०२ नी अंगावर घेतलं. मी फाइल सभासदांना दाखवायची सोय केली. तिथे तीन दर्जे असतात. नुसतं पाहणारे, टिप्पणी करणारे आणि बदल करणारे. आमच्याकडे पहिल्या वर्गात बसायला एकही जण तयार झाला नाही. दुसरा वर्ग आमचा जन्मजात. पण तिसऱ्याही वर्गात मी चुकून सगळ्यांना बसवलं, आणि थकबाकीच्या तक्त्यात एका सभासदाचे १८,४०० रुपये एका रात्रीत १,८४० झाले. या ढगाची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. कुणी, कधी, काय खोडलं ते तो लिहून ठेवतो. रात्री ११:४७. नंबर मी सांगणार नाही. पण मराठीचा शिक्षक शून्याबाबत इतका उदार असेल असं वाटलं नव्हतं.

मग जागा संपली. कागदांनी नाही, कागद सगळे मिळून ओंजळभरच भरले. सोसायटीच्या ढगात फुकट जागा आहे ही बातमी पसरली आणि लोकांनी आपापलं सामान आणून टाकलं. जिन्याखाली जुन्या सायकली टाकतात तसं. गौरीच्या सजावटीचे व्हिडिओ, नातवाचं बारसं, कुणाच्या तरी गुडघ्याचा एमआरआय. ३०२ ना या निमित्ताने हॉटमेल आठवलं. १९९६ च्या ४ जुलैला ते सुरू झालं, काढणाऱ्या दोघांतले सबीर भाटिया आपल्याकडचे, आणि तेव्हा खात्याला जागा मिळायची दोन एमबी. “दोन एमबीत आम्ही नोकरी शोधली, लग्न जमवलं,” ते म्हणाले. पुढे १ एप्रिल २००४ ला जीमेलने एक जीबी देऊ केली, तेव्हा तारीख बघून लोकांना ती थट्टाच वाटली होती. आज एका उकडीच्या मोदकाचा फोटो दोन एमबीत मावत नाही. मोदक तेवढाच आहे.

जागा भरल्यावर नवीन पत्रं येणंही बंद होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. महिन्याला शंभर-दीडशे रुपये भरून जागा वाढवायची का, यावर खास सभा झाली. एकाने सुचवलं की ज्यांच्या फाइल आहेत ते तिथे राहत नाहीत, सबब नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावा. मी घरी येऊन बारसं खोडायला बसलो.

आणि बरोबर याच सुमारास माझा लॅपटॉप गेला. नवा आणला. इमारत पंधरा ते तीस वर्षांच्या वयातली, म्हणून पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. त्या इंजिनिअरने मंजूर नकाशा मागितला. मी ऐटीत म्हणालो, “पाठवतो, क्लाउडवर आहे.” नव्या लॅपटॉपवर खातं उघडलं, पासवर्ड बरोबर दिला, आणि पडद्यावर आलं की हे तुम्हीच आहात याची खात्री करायची आहे, शेवटी ५२ असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

५२ म्हणजे १०१ काका. आणि कायम घरात असणारे काका कार्तिकी एकादशी झाल्यावर काकूंसह नर्मदा परिक्रमेला निघाले होते. पायी. सुमारे अडीच हजार किलोमीटर. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. काकांनी मला निघताना म्हटलं होतं, “आम्ही लवकर आटपू, पाच-सहा महिन्यांत येऊ.” मोबाइल न्यायचा नाही असा संकल्प होता. मोबाइल घरी, गोदरेजच्या कपाटात.

घराची किल्ली १०२ कडे होती. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या खाली, हे बंगळुरूच्या मुलाने सांगितलं. फोन निघाला, बंद. चार्ज केला, सुरू झाला, तर त्याला पॅटर्नचं कुलूप. मुलाला पॅटर्न माहीत नव्हता. त्याने दोन दिवस खटपट करून, एका आश्रमातल्या सदावर्तात उतरलेल्या बापाला, तिथल्या सेवेकऱ्याच्या फोनवर गाठलं आणि मला जोडून दिलं.

“नर्मदे हर!” काका ओरडले.

“नर्मदे हर. काका, पॅटर्न काय आहे?”

“स्वस्तिक.”

“काका, बोट न उचलता स्वस्तिक निघत नाही.”

“पूर्ण नाही रे, अर्धं. उजवं.”

“माझं उजवं की फोनचं?”

पलीकडे घंटा वाजायला लागली, पंगत बसली असावी. फोन ठेवता ठेवता काका म्हणाले, “हात जोडून काढ, निघेल.” पाचव्या प्रयत्नाला निघालं. मी ओटीपी मागवला. दहा मिनिटं वाट पाहिली. आला नाही. पुन्हा मागवला. मग लक्षात आलं की काकांचा रिचार्ज संपून महिना झाला होता. रिचार्ज केला, २८ दिवसांचा. आणि एकदम साठलेले मेसेज धबधब्यासारखे कोसळले. बँक, गॅस, विमा, लॉटरी. त्या पुरात कुठेतरी सहा आकडे वाहत गेले. मी ते झडप घालून पकडले आणि आत शिरलो.

आत पहिलंच पत्र त्या कंपनीचं. गेले तीन दिवस कुणीतरी तुमच्या खात्यात घुसायचा प्रयत्न करत आहे, सावध राहा.

नकाशा सापडला. सहा फोटोंत होता. पाच स्वच्छ. सहाव्यात, जिथे महानगरपालिकेचा शिक्का आणि मंजुरीचा क्रमांक, तिथे ३०२ चा अंगठा. अंगठा मात्र इतका सुस्पष्ट की त्यावरून कुणीही त्यांना अटक करावी. मी फ्रीजवरच्या वाटीतली किल्ली घेऊन जिन्याखाली गेलो, पापड झालेला मूळ नकाशा काढला आणि इंजिनिअरला नेऊन दिला. “हेच तर पाहिजे होतं,” तो म्हणाला. “क्लाउडवरचं कोण बघतंय?”

खात्याचा नंबर बदलायचा आहे. पण त्याला ठराव लागतो, ठरावाला कोरम, आणि कमिटीतले दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. तोवर काकांचा फोन माझ्याकडे, माझ्याच चार्जरला. रिचार्ज मीच करतो. रोज पहाटे साडेपाचला त्यावर कुणा भाऊसाहेबांचं सूर्यफुलाचं सुप्रभात येतं. आधी मी दुर्लक्ष करत होतो, तर त्यांनी ‘रागावलात का?’ असं विचारलं. आता मी रोज ‘नर्मदे हर’ लिहून पाठवतो. गेल्या गुरुवारी काकांच्या मेहुण्याच्या पंच्याहत्तरीला आशीर्वादही देऊन झाले.