‘पाच मिनिटांचं काम’ आणि बारशाचे फोटो: एका मिरजकरांना उत्तर

नमस्कार मिरजकर,

तुम्ही नाव न लिहिता ‘एक मिरजकर’ एवढीच सही केलीत, म्हणून तीच हाक मारते. कॉम्प्युटरवरचे फोटो दिसेनासे झाले तर काय करावं, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. लेख वाचून माणूस घाबरतो. ‘आधी कशाला हात लावू नका, आधी कॉपी काढा’ हे पालुपद कशाला? पिकासा, म्हणजे फोटो बघायचा-लावायचा गूगलचा जुना प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला की पाच मिनिटांत काम होतं. भाच्यानं २०२३ मध्ये नवा कॉम्प्युटर लावून देताना तेच केलं. दुसरी डिस्क हे श्रीमंतांचे चोचले, सगळं गूगलवर टाकून मोकळं व्हावं. आणि जाता जाता टोमणा: मुलीच्या बारशाचे २००९ चे फोटो तुमच्याकडे २०२३ मध्ये दिसतात, त्यावर लेखात एक ओळ नाही. आयफोनचंही एक गाऱ्हाणं आहे, ते शेवटी घेते.

भाच्याची पाच मिनिटं आणि बारशाच्या तारखा, हे दोन वेगळे मुद्दे म्हणून तुम्ही लिहिलेत. मला मात्र त्यांचं मूळ एकच असावं असा संशय आहे.

लग्नघरात आहेराच्या खोलीत वस्तूंचा ढीग असतो, आणि कोणी काय दिलं ते एका वहीत लिहिलेलं असतं. वही हरवली तरी वस्तू जागेवरच राहतात. पण कुकर मामांचा की शेजाऱ्यांचा, हे कोण सांगणार? पिकासा म्हणा, विंडोजचं फोटोज म्हणा, हे प्रोग्राम ती वही सांभाळतात. फोटो आपापल्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून पडलेले असतात. ‘फोटो गेले’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची वही बिघडलेली असते, ढीग शाबूत असतो. तुमच्याकडेही तेच झालं असणार. भाच्यानं प्रोग्राम पुन्हा टाकला, प्रोग्रामनं सगळे फोल्डर नव्यानं चाळले, फोटो दिसायला लागले. उपाय लागू पडला हे खरंच आहे.

पण जुन्या वहीचं काय झालं, ते त्या पाच मिनिटांत कोणी पाहिलं का? पिकासा काढताना तो विचारतो, डेटाबेसही (म्हणजे ती वहीच) काढू का? घाईत माणूस ‘येस’ दाबतो. आणि नव्या कॉम्प्युटरवर तर जुना डेटाबेस मुद्दाम नेल्याशिवाय येतच नाही, कारण तो फोटोंच्या फोल्डरमध्ये नसून युजरच्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. चेहऱ्यांना दिलेली नावं, जमवलेले अल्बम, यांचा बराच भाग तिथे. फोटोवर केलेली कापाकापी, उजेड वाढवणं वगैरे मात्र पिकासा प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डॉट पिकासा डॉट आयएनआय’ नावाच्या छोट्या लपलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. फोल्डर आख्खा उचलला तर ती बरोबर येते. नुसते फोटो निवडून ओढले तर ती मागे राहते, आणि दुरुस्त केलेले फोटो पुन्हा जसेच्या तसे काळपट दिसतात.

याहून घातक गोष्ट ‘डॉट पिकासाओरिजिनल्स’ या फोल्डरची. पिकासात दुरुस्ती करून ‘सेव्ह’ दाबलं की बदललेला फोटो मूळ जागी बसतो आणि अस्सल फोटो या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. जागा भरली म्हणून साफसफाई करणाऱ्या उत्साही मंडळींना तिथे ‘तेच ते फोटो दोनदा’ दिसतात आणि ते अस्सल फोटोच उडवतात. गूगलनं पिकासाचा सपोर्ट मार्च २०१६ मध्ये थांबवला, तरी आपल्याकडे कितीतरी घरांत तो अजून चालतो. मला त्यात गैर काही वाटत नाही. साधा, चपळ प्रोग्राम होता. फक्त तो काय कुठे लिहितो हे माहीत असावं.

आता बारसं. लेखात तारखांवर ओळ नव्हती, कारण तो लेख न दिसणाऱ्या फोटोंवर होता. पण विषय काढलात ते बरं झालं, हे दुखणं घरोघरी आहे.

एका फोटोला निदान तीन तारखा असतात. एक फोटो काढल्याची. ती कॅमेरा फाइलच्या पोटात लिहितो, तिला विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ म्हणतात. दुसरी फाइल शेवटची बदलल्याची, तिसरी फाइल त्या डिस्कवर तयार झाल्याची. फाइल कॉपी केली की पहिल्या दोन तशाच राहतात, तिसरी मात्र त्या दिवसाची होते. भाच्यानं २०२३ मध्ये कॉपी केली, म्हणून तिसरी तारीख २०२३ ची. इथवर काही बिघडलेलं नाही. पोटातली तारीख सापडली नाही म्हणून एखादा प्रोग्राम या तिसरीवर विसंबला की बारसं चौदा वर्षं पुढे सरकतं.

म्हणून खरा प्रश्न एवढाच, की पोटातली तारीख आहे की नाही. बारशाच्या एका फोटोवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘डिटेल्स’. ‘डेट टेकन’समोर २००९ असेल तर पेढे वाटा. फोल्डर उघडून वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की ‘डेट टेकन’चा रकाना आणता येतो, त्यावर लावलं की सगळं ओळीत येईल.

तारीख आहे पण भलतीच, म्हणजे १ जानेवारी आणि कुठलं तरी जुनं साल, असं असेल तर कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलंच नव्हतं. त्या काळातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की घड्याळ शून्यावर जायचं. यात मोठी सोय ही की सगळे फोटो सारख्याच फरकानं चुकलेले असतात. पाळण्यात घालतानाचा एक फोटो घ्या, बारशाची तारीख-वेळ तुम्हाला माहीत असणारच, त्यावरून फरक काढा आणि सगळ्यांना एकदम लावा. डिजिकॅम या फुकट प्रोग्राममध्ये त्यासाठी सोय आहे. ज्यांना काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची भीती वाटत नाही त्यांनी एक्झिफटूल वापरावं. ते प्रत्येक फाइलची मूळ प्रत शेजारी ठेवूनच बदल करतं.

आणि ‘डेट टेकन’ रिकामीच असेल तर? मग त्याच खिडकीत खाली कॅमेऱ्याचं नाव आहे का बघा. तेही नसेल तर पोटातली माहिती पुसली गेलीय किंवा मुळात नव्हतीच. स्कॅन केलेल्या फोटोत ती तारीख मुळात नसतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्याची ती गळते. अशा फाइलच्या नावात २०२३१११२ असा आकडा आणि पुढे ‘डब्ल्यूए’ असतं, पण ती तारीख पाठवापाठवीची, बारशाची नव्हे. तिसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत जास्त वाटते: जागा वाचवायला भाच्यानं फोटो ‘लहान’ करणाऱ्या एखाद्या प्रोग्राममधून काढले का? असे बरेच प्रोग्राम वजन कमी करताना आतली माहितीही टाकून देतात. तसं असेल तर अस्सल फोटो जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर असतील. तो भंगारात घातला नसेल तर आज संध्याकाळीच माळ्यावर चढा. डिस्क तेवढी काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क आत बसवून केबलनं जोडायच्या डबीत) घातली की झालं.

जाता जाता, व्हिडिओंचा एक वेगळाच घोळ असतो. फोनचे व्हिडिओ वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि काही प्रोग्राम ती तशीच दाखवतात. मग सकाळी सातच्या हळदीचा व्हिडिओ रात्री दीडचा दिसतो, आणि पहाटे पाचला वरात निघाल्याचा आदल्या तारखेत जाऊन बसतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर काही बिघडलेलं नाही, कशाला हात लावू नका.

‘हात लावू नका’ म्हटलं की तुम्ही चिडता. पण मी ते सगळ्यांना सरसकट सांगत नाही. फोल्डरमध्ये जाऊन फोटोची फाइल थेट उघडा, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये. नीट उघडली तर प्रोग्राम काढा, टाका, थंबनेल (प्रोग्रामनं दाखवायला बनवलेली छोटी चित्रं) पुसा, हवं ते करा, फक्त डेटाबेस ठेवा. पण फोटो अर्धा दिसून खाली राखाडी पट्टा येत असेल, फोल्डर उघडायला डिस्क मिनिटभर कण्हत असेल, टकटक आवाज येत असेल, तर डिस्कच जाण्याच्या वाटेवर असू शकते. तिथे भाच्याचा उपाय अंगलट येतो. फोटो पुसले गेले असतील तर नवीन टाकलेलं त्यांच्याच जागेवर जाऊन बसू शकतं. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवलं तर ते फाइल सिस्टिम (फाइल कुठे आहेत याची डिस्कवरची मांडणी) सरळ करतं, फोटो वाचवणं हे त्याचं कामच नाही. त्यात मरू घातलेल्या डिस्कला आणखी पळवतं. तिथे आधी कॉपी, मग बाकीचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता फोटो बाहेर काढायला घ्या.

गूगलवर टाका, जरूर टाका. मीही टाकते. पण १ जून २०२१ पासून ते अमर्याद फुकट राहिलेलं नाही. १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवायचं. ‘स्टोरेज सेव्हर’ ही जागा वाचवायची सेटिंग लावली असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. आणि फोनवरच्या गूगल फोटोज अ‍ॅपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो तिकडूनही जातो. साठ दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा. ‘फोनमधून काढला, गूगलवर आहेच की’ म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. तुमच्या तारखांच्या दृष्टीनंही एक सांगते: गूगल फोटोजमध्ये तारीख दुरुस्त केलीत आणि पुढे टेकआउट या गूगलच्याच सोयीनं सगळं उतरवून घेतलंत, तर ती दुरुस्ती फोटोत नसते, शेजारच्या जेसन नावाच्या छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. पुन्हा तोच वहीचा प्रश्न. म्हणून दुरुस्ती घरच्या फाइलमध्ये करावी आणि मग वर चढवावी.

दुसऱ्या डिस्कला चोचले म्हणालात, ते मात्र मला मान्य नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. आमच्या गावभागात तळमजल्यावरचे कॉम्प्युटर कपाटांसकट बुडाले. लोकांनी गाळ धुतला, डिस्क उन्हात वाळवल्या आणि चालू करून पाहिल्या. तिथेच उरलीसुरली आशा संपली. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आणि गाळ आत जातो, आणि तबकडी फिरली की तो गाळ तिला खरवडतो. भिजलेली डिस्क चालू करायचीच नाही, वाळवायच्या खटपटीतही पडायचं नाही. तशीच रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यायची, आणि त्याचं बिल ऐकायची तयारी ठेवायची. त्या बिलापुढे डिस्कची किंमत किरकोळ आहे. नवी घ्याच असंही नाही. जुन्या लॅपटॉपमधली, तब्येत चांगली असलेली डिस्क केसिंगमध्ये घातली तरी पुरते. ती नदीपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि दिवाळीला फराळाबरोबर अदलाबदल करावी. तुम्हा मिरजकरांकडे सांगलीचे पाहुणे काही कमी नसतील.

राहिला आयफोन. लेकीच्या फोनवरून फोटो कॉपी करताना मध्येच ‘अ डिव्हाइस अटॅच्ड टु द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग’ येतं, असं लिहिलंत. केबल बदलून उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. फोन फोटो हाइक (एचईआयसी) या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतो आणि कॉपी होताना त्यांचं जेपेग करून द्यायला बघतो, त्यात अडखळतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर सगळ्यात खाली ‘ट्रान्सफर टु मॅक ऑर पीसी’ आहे, तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. मग फोटो हाइकमध्येच येतील. ते विंडोजवर उघडत नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून हाइफ इमेज एक्स्टेन्शन्स घ्या.

बारशाच्या फोटोच्या ‘डिटेल्स’मध्ये काय दिसलं ते इथेच खाली लिहा. कॅमेऱ्याचं नाव आहे की नाही, तेही नक्की लिहा. आणि तोवर भाच्याला जुन्या डिस्कवर काही टाकू देऊ नका.