‘चुकीचं ऑइल दिलं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तक्रार थोडक्यात सांगते. गाडी 2006 ची टोयोटा कोरोला ऑटोमॅटिक. आमच्याकडून चार लिटर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, नेलं आणि घरीच बदललं. अडीच लिटर घातल्यावरच गेज (ऑइलची पातळी बघायची पट्टी) फुल दाखवायला लागला. तेव्हापासून ‘डी’ (पुढे जायचा गिअर) टाकला की गाडी दोन सेकंद जागची हलत नाही, आणि ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट चढताना इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी ओढेना. तुमचा निष्कर्ष असा की ऑइल चुकीचं किंवा डुप्लिकेट होतं आणि दीड लिटर उगाच गळ्यात मारलं. वर ‘काउंटरवर बसणाऱ्या बाईंना गिअरबॉक्समधलं काय कळणार’.

काउंटरवर बसणारी ती बाई मीच. दुकानही माझंच.

आधी ऑइलबद्दल. ऑर्डर देताना मी तुमच्याकडून गेजच्या पट्टीचा फोटो मागवला होता. तो फोटो अजून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, आणि पट्टीवर ‘टाइप टी-फोर’ हा ऑइलचा प्रकार स्पष्ट कोरलेला आहे. तुमच्या पावतीवर आणि कॅनवरही तेच आहे. टोयोटाच्या नंतरच्या गाड्यांना डब्ल्यूएस नावाचं दुसरं एटीएफ लागतं. ते जास्त पातळ असतं आणि टी-फोरच्या जागी चालत नाही. म्हणूनच ‘ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ एवढ्यावर मी कुणालाच कॅन काढून देत नाही. सीव्हीटी आणि एएमटी हे ऑटोमॅटिकचेच दुसरे प्रकार; सीव्हीटीचं ऑइल वेगळं, एएमटीत तर साधं मॅन्युअलसारखं गिअर ऑइल असतं, आणि लोकांच्या तोंडी सगळ्याच ‘ऑटोमॅटिक’.

नवीन ऑइल लालभडक आणि निघालेलं काळपट, म्हणून डुप्लिकेट, असंही तुम्ही लिहिलंय. लाल हा फक्त रंग आहे, गाडीखाली थेंब दिसला तर इंजिनचं ऑइल की गिअरबॉक्सचं ते ओळखू यावं म्हणून घातलेला. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल काळपट होणारच. एटीएफला वंगणाशिवाय आणखी दोन कामं असतात: दाब पोचवायचा, आणि क्लचच्या प्लेटा झटका न देता पण घट्ट पकडू द्यायच्या. या पकडीसाठी 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेत एटीएफमध्ये चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. शिकारीवर बंधनं आली तेव्हा कंपन्यांना त्याला पर्याय शोधावा लागला. विषयांतर झालं, पण बाईंना काय कळतं हा प्रश्न तुम्हीच काढला होता.

आता मुद्द्याचं. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला फोटो पुन्हा एकदा बघा. निघालेलं ऑइल दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरलंय. एक गळ्यापर्यंत भरलेली, दुसरी अर्ध्याच्या वर. म्हणजे तीन लिटरपेक्षा जास्त निघालं. घातलं किती? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे अडीच. अर्धा लिटर तर नक्कीच कमी पडलंय, कदाचित थोडं जास्तच. ‘डी’ उशिरा लागणं आणि घाटात स्लिप मारणं ही कमी ऑइलची नेहमीची लक्षणं आहेत. चढावर ऑइल एका बाजूला सरकतं, गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधली, पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. हवा दाबली जाते, मग क्लच दाबायला जोर कुठून येणार?

मग गेज फुल का दाखवत होता? तुम्ही ज्या व्हिडिओवरून काम केलं त्याची लिंकही दिलीत, ते बरं झालं. तो व्हिडिओ होंडाचा आहे. त्या काळच्या होंडाच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला गाडी गरम करायची, इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांत गेज पाहायचा. व्हिडिओवाला सांगतो ते त्या गाडीसाठी अगदी बरोबर आहे. तुमच्या कोरोलाला नेमकं उलटं. गेज पाहताना इंजिन चालूच हवं. इंजिन चालू असताना बरंच ऑइल पंप टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलरमध्ये आणि वाल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) वाटांमध्ये खेळवत असतो. इंजिन बंद केलं की त्यातलं काही खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पट्टीवर पातळी खरीपेक्षा वर दिसते. तुम्हाला ‘फुल’ दिसलं ते हे.

म्हणजे उरलेलं दीड लिटर गळ्यात मारलेलं नाही, दादा. तुमच्या गाडीत जे कमी आहे ते त्याच कॅनमध्ये आहे.

आत्ता करायचं ते असं. गाडी दुकानापर्यंत आणू नका, घरीच करा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला. गेजच्याच नळीतून लांब नरसाळ्याने आधी अर्धा लिटर घाला. इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘पी’पासून ‘एल’पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि परत ‘पी’वर आणा. इंजिन चालूच ठेवून पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून बघा. आत्ता ‘कूल’च्या खुणांमध्ये आलं तरी पुरे. ‘डी’ लगेच लागत असेल तर राऊपर्यंत निवांत चक्कर मारून या, म्हणजे ऑइल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापेल. मग तसंच, इंजिन चालू ठेवून, ‘हॉट’च्या खुणा बघा. खरा निकाल तोच, ‘कूल’चा फक्त अंदाज. कमी असेल तर शंभर-दोनशे मिलीच घाला आणि पुन्हा बघा. कृपा करून रागाच्या भरात अख्खं दीड लिटर ओतू नका. जास्त झालेलं ऑइल फिरत्या भागांना लागून फेसाळतं, आणि फेसात पुन्हा हवाच असते. गाडी तशीच स्लिप मारेल आणि तुम्ही मला दुसरा रिव्ह्यू लिहाल.

पातळी बरोबर येऊनही ओढत नसेल, किंवा पट्टीला जळका वास येत असेल, तर प्लेटा घासल्या असण्याची शक्यता आहे. मग ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या मेकॅनिकला दाखवा. तिथवर गाडी न्यायची तर पुढची चाकं उचलून न्या. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स कोरडाच घासतो.

मशीनने फ्लश करणाऱ्याचा नंबर मी दिला नाही, हीही तक्रार आहे. नाही दिला, आणि पुन्हा मागितलात तरी देणार नाही. इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये दाबाने ऑइल फिरवून साचलेली घाण वाल्व्ह बॉडीत ढकलण्यापेक्षा थोडं थोडं बदलावं या मताची मी आहे. काही मेकॅनिक याच्याशी सहमत नसतात. हिशेब सोपा आहे: गिअरबॉक्समध्ये साधारण सात लिटर मावतं असं धरा, चेंबरचा बोल्ट उघडल्यावर तीनच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकदा बदललंत तर सुमारे 43 टक्के नवीन, काही दिवस चालवून पुन्हा बदललंत तर 67, तिसऱ्यांदा 81. जुन्या गाडीला एवढं पुष्कळ.

उघडलेला कॅन परत घेत नाही, हे पावतीवर छापलेलं आहे. तुमच्या घरी उघडलेलं ऑइल मी दुसऱ्याच्या गाडीसाठी विकलं तर तुम्हाला चालेल का? सील न तोडलेला कॅन असता तर त्याच वेळी पैसे परत केले असते.

त्या बाटल्यांचं मात्र आजच काहीतरी करा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काळपट-लाल ऑइल, घरात लहान मूल असेल तर विचारायलाच नको. गटारात तर ओतूच नका. झाकणं घट्ट लावून, वर ‘जुनं ऑइल’ लिहून आमच्याकडे आणून द्या. आमच्या जुन्या ऑइलबरोबर ते रिसायकलिंगला जाईल, पैसे लागत नाहीत.

येताना गाडी आणायचीच असेल तर वरचं सगळं झाल्यावर, गरम असतानाच आणा. मी इंजिन चालू ठेवून तुमच्यासमोर पट्टी काढून दाखवते. आणि बोल्टचा जुना वॉशरच परत लावला असेल तर सांगा, नवीन काढून ठेवते.