गावात राहायचंय? मग आधी गाव सोडा

तुम्ही आधीपासूनच गावात राहत असाल तर इथेच थांबा, हा लेख तुमच्यासाठी नाही. गावात राहण्याबद्दल तुम्हाला कोणी दमडी देणार नाही. तो मान गावात न राहणाऱ्याचा.

ही सुपीक कल्पना आपल्या मंत्रालयातली नव्हे, जगाची रीतच तशी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०१८ साली कायदा केला. बाहेरच्या कंपनीचं काम घरबसल्या करणारा माणूस आमच्याकडे राहायला आला, तर त्याला वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंत, दोन वर्षांत १० हजार. सामानाचा ट्रक, कॉम्प्युटर, इंटरनेटची जोडणी, सगळ्याच्या पावत्या दाखवा आणि पैसे घ्या. वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये १२ हजारांची बोली लावली; १० हजार पहिल्या वर्षी महिन्या-महिन्याने आणि दुसरं वर्षही टिकलात तर उरलेले दोन. जपानने २०२३ पासून टोकियो सोडणाऱ्या कुटुंबाला दर मुलामागे १० लाख येन जास्तीचे कबूल केले. त्यासाठी गेल्या दहा वर्षांतली पाच तरी टोकियोच्या २३ प्रभागांत राहून किंवा तिथे कामाला जाऊन काढलेली हवीत. गावात गेल्यावर पाच वर्षांच्या आत पाय निघाला तर पैसे परत करायचे. म्हणजे त्या डोंगरातल्या गावात जन्म काढलेल्या म्हाताऱ्याच्या पोराला गावातच थांबायचं असेल, तर त्याने आधी पाच वर्षं लोकलमध्ये लोंबकळून यावं.

व्हरमाँटच्या लेखापरीक्षकांनी पुढे शंका काढलीच, की यातले किती जण पैसे नसते तरी आलेच असते? आपल्याकडे असले प्रश्न योजना बंद पडल्यावर विचारतात, त्यामुळे तुम्हाला धोका नाही.

तेव्हा समजा, उद्या आपल्याकडेही असा जीआर निघाला आणि त्यात नाशिक जिल्ह्याचं नाव आलं. नाशिकला या बाबतीत परंपरा आहे. राजधानी सोडून पंचवटीत पर्णकुटी बांधणारं पहिलं कुटुंब कुठलाही भत्ता न घेता आलं होतं. नियमच उशिरा झाले, त्याला कोण काय करणार. तुम्ही मात्र तयारीने या.

आधी तालुका निवडा. जिल्ह्यात १५ आहेत. तुमच्या डोळ्यासमोर जे गाव आहे, धुकं, भाताची खाचरं, कौलारू घर, ते पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे. तिकडेच जा. इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलैत चपलांना बुरशी येते, ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या पिशवीला, आणि झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल हे झाडावर अवलंबून असतं. सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी २०२२ च्या शेवटी तहसीलदारांना निवेदन दिलं होतं, की सोयी द्या, नाहीतर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या. म्हणजे तिथल्या माणसांना महाराष्ट्रातून निघायचं होतं आणि तुम्हाला पैसे घेऊन तिथे राहायचंय. हिशेब जुळला.

पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नरचा दुष्काळी पट्टा. तिथे ऊन भरपूर, रस्ता बरा आणि पाणी टँकरच्या वेळापत्रकाने. मधला निफाड-दिंडोरी द्राक्षांचा. त्र्यंबकच्या आसपास खोली घेत असाल तर अकरा महिन्यांच्या करारावरची तारीख नीट बघा. २०२७ च्या सिंहस्थात एका रात्रीचं भाडं तुमच्या महिन्याच्या भाड्याकडे बघून हसेल, आणि मालकाचा भाचा अचानक त्याच खोलीत राहायला येणार असेल.

जमीन विकत घेऊन टाकू, असा विचार आला असेल तर तो फार गोड आहे. कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. महसूल अधिनियमाचं ३६-अ सांगतं की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि तुम्हाला आवडलेल्या धुक्याखालची बरीचशी जमीन नेमकी तीच आहे. पांढऱ्या गाडीतला एजंट ‘होऊन जाईल साहेब’ म्हणेल. होऊन जातंही, फक्त सातबारावर तुमचं नाव येत नाही.

आता लाईट. इथे जरा सावकाश वाचा, कारण तुमची नोकरी याच्यावर आहे. गावात दोन प्रकारची वीज असते, गावठाणाची आणि शेतीची. घर गावठाणात असेल तर निम्मी लढाई जिंकलात. पण तुम्ही तिथे राहणार नाही, कारण तिथे शेजारी असतात. तुम्हाला मळ्यातली वस्ती हवी, समोर बाग, मागे डोंगर. ती शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर असते. थ्री फेज आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, पाळीपाळीने; बाकीच्या वेळात दिव्यांपुरतं सिंगल फेज, मिळालं तर. जिथे सौर कृषी वाहिनी आली आहे तिथे शेतीची लाईट दिवसा मिळते. तुमचा मळा त्यात आहे की नाही हे घरमालकाला विचारू नका, वायरमनला विचारा. मालक ‘लाईट कायम असते’ असंच सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. त्याला मोटार चालवायची असते, मीटिंग नाही.

लाईट येते तो क्षण धोक्याचा. शिवारातल्या बहुतेक मोटारींना ऑटो स्विच लावलेला असतो, म्हणजे रात्री उठून स्टार्टर दाबायला जावं लागत नाही. लाईट आली की पंधरा-वीस मोटारी एकदम उठतात आणि सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, एक हुंकार देते. नशीब बरं असेल तर किटकॅट फ्यूजमधली तार वितळते, नसेल तर डीओ, म्हणजे खांबावरचा वरचा फ्यूज, उडतो, आणि फारच वाईट असेल तर डीपीच जळते. तार वितळली तर शेजारचे नाना काठी घेऊन जातील आणि आधीच्या दुप्पट जाडीची तार घालून येतील. आता फ्यूज जाणार नाही. त्याऐवजी काय जाईल ते कळेलच. डीपी जळाली तर ती बदलायच्या आधी त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या थकबाकीचा विषय निघतो. तुमचं बिल भरलेलं असतं याला त्या चर्चेत फारशी किंमत नाही.

इन्व्हर्टर घ्या. सगळे घेतात. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास आणि नुकसान वजा जाता हातात साधारण साडेबाराशे. लॅपटॉप ६० वॉट, राउटर आणि मोडेम १५, साधा पंखा ७०, एक बल्ब १०. दीडशेच्या वर गेलात. आठ तास निघतील. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, घेतला तर तीस वॉटवर येतो आणि अकरा तासांच्या आसपास मिळतात. हे दुकानदारही सांगतो. तो सांगत नाही ते असं, की रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात आणि तुमच्याकडे धड लाईट असते आठ तास. त्यातही मोटारी चालू असताना व्होल्टेज दीडशेवर आलेलं असतं. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं तर १८० च्या आसपास तो लाईट नाकारतो आणि लाईट असूनही बॅटरीच खात बसतो. नॉर्मलवर ठेवलं तर कमी व्होल्टेजही घेतो, पण मग पंखा आणि बल्बही तेच पितात. मळ्यात बटण नॉर्मलवर ठेवा आणि लॅपटॉपचं चार्जर चांगलं घ्या. त्याला शंभर व्होल्टही चालतात. यंत्रांमध्ये तेवढं एकच खऱ्या अर्थाने खेड्यासाठी बनलेलं आहे.

लाईटची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात तुमची आणि गावाची वेळ जुळेल. तुमचा अमेरिकेचा कॉल रात्री साडेअकराला सुरू होतो, तेव्हाच शेजारचे नाना बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याला पाणी भरायला निघतात. त्यांना अंधारात बारं द्यायचं असतं आणि उसाच्या बाजूने बिबट्या येतो का तेही बघायचं असतं. तुम्हाला रात्रपाळीचा भत्ता आहे. त्यांना नाही, कारण ते घरूनच काम करतात.

इंटरनेटसाठी आधी भारतनेट आठवेल. २०११ मध्ये दुसऱ्या नावाने मंजूर झालेलं आणि २०१५ पासून या नावाने ओळखलं जाणारं हे जाळं ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेतं. ग्रामपंचायतीपर्यंत. तिथून पुढे तुमचा तुम्ही. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला.

खरी भिस्त केबलवाल्यावर. त्याची काळी वायर विजेच्या खांबांवरून, बाभळीवरून आणि एका गोठ्याच्या पत्र्यावरून तुमच्यापर्यंत येईल. मोडेमवर लाल दिवा लुकलुकू लागला की वायर तुटली. मक्याचा चारा उंच भरलेली ट्रॉली गेली असेल किंवा रस्त्याच्या कडेला जेसीबी आला असेल. दिवा हिरवा आहे पण मीटिंगमध्ये तुमचं तोंड उघडंच राहतंय, तर मोडेमचं पान उघडून प्रकाशाची पातळी बघा. उणे १८ ते २२ ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेली की कुठेतरी वायर खिळ्याला घट्ट गुंडाळलेली आहे किंवा काळ्या चिकटपट्टीने बांधलेल्या जोडात पाणी शिरलंय. फायबर जोडायचं मशीन तालुक्याला एक, आणि तो माणूस ‘निघालोय’ म्हणाला की अजून निघायचा असतो. शिवाय तुमचा इन्व्हर्टर चालू असला तरी केबलवाल्याची पेटीही लाईटवरच असते. तिची बॅटरी संपली की तुम्ही उजेडात, पंख्याखाली, ऑफलाइन बसता.

मोबाईलचं नेट आधाराला ठेवा, पण घर बघायला गेलात तेव्हा सकाळी अकराला स्पीड मोजून खूश होऊ नका. रात्री साडेआठला मोजा, सगळं गाव जेवून रील बघत असतं तेव्हा. आणि खाली येणारा वेग नव्हे, वर जाणारा बघा. तुमचा चेहरा वर जाणाऱ्यावर चालतो.

आवाजाचं काय, असं विचाराल. एप्रिलमध्ये द्राक्षांची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि त्यानंतर पहाटेपासून फवारणीचा ब्लोअर. कॅमेऱ्यामागे धुकं दिसलं तर साहेबांना दऱ्याखोऱ्यांचं सांगा, औषधाचं नको. खिडकी मात्र लावून घ्या. चाळीतला कांदा श्रावणात सडायला लागला की तो वास सुदैवाने स्क्रीनवर जात नाही.

राहिली कागदपत्रं. बाहेरून आल्याचा पुरावा, इथे राहिल्याचा पुरावा आणि दोन्ही एकाच माणसाचे असल्याचा पुरावा. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांच्या नावाने असेल, करार नातवाने केलेला असेल, आणि लाईट बिल ज्या काकांच्या नावाने येतं त्यांच्याशी या दोघांचं बोलणं नसेल. तुम्ही भाऊसाहेबांना भेटा. ग्रामसेवकाच्या पदाचं नाव बदललं, तलाठ्याचंही बदललं, हाक मात्र दोघांना ‘भाऊसाहेब’ अशीच मारतात, आणि उत्तरही जुनंच येतं: आज ते दुसऱ्या गावाला आहेत.

राहत असल्याचा फोटो जागेच्या खुणेसकट चढवायला सांगतील, घरकुलाला सांगतात तसा. रेंज घरात नसते, म्हसोबाच्या टेकडीवर असते. तुम्ही फोटो टेकडीवरून चढवाल, ठिकाण टेकडीचं उमटेल आणि अर्ज ‘लाभार्थी नमूद पत्त्यावर आढळून आला नाही’ या शेऱ्याने परत येईल. यावर उपाय घर टेकडीवर बांधण्याचा आहे, पण जमिनीचं वर झालंच आहे.

अर्ज स्वतः भरू नका. सेतूत जा. नाहीतर सोपं म्हणजे नानांच्या घरी जा, त्यांच्या पोराचं डिप्लोमा झालंय, त्याला पोर्टल कधी हळू चालतं आणि फाईल किती केबीची लागते हे पाठ आहे. तो पंधरा मिनिटांत तुमचा अर्ज भरून देईल, वर चहा पाजेल. त्याने स्वतःचाही भरून बघितला होता. पत्त्याच्या रकान्यात ‘सध्याचं गाव’ आणि ‘स्थलांतराचं गाव’ एकच आलं, आणि पुढचं बटण दाबलंच जाईना.

सोमवारी तो पुण्याला चाललाय, हिंजवडीला कुठेतरी मुलाखत आहे. लागलं तर खोली रिकामी होईल, तिला संडास-बाथरूम आतच आहे आणि ती गावठाणात आहे. भाड्याचं आत्ताच बोलून ठेवा. तेवढ्या पैशांत त्याच्या तिकडच्या कॉटबेसिसचं भाडं निघेल, असा नानांचा अंदाज आहे.