बायपासनंतर वजन वाढवा म्हणे!

मागच्या रविवारी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तर्री-पोह्याची दुसरी प्लेट घेतली. सासूबाईंनी डोळे वटारले, तर मामाजींनी मोबाइलच पुढे केला. "वाच बाप्पा. संशोधन करूनच लिहून राहिले ना!"

बायपासला अजून सहा महिने व्हायचेत. बनियनच्या गळ्यातून व्रणाचं लालसर टोक दिसतं. आणि मेसेज काय, तर 'बायपास झालेले जाड पेशंट बारीक पेशंटपेक्षा जास्त जगतात. डॉक्टर हे लपवतात. वजन उतरवू नका, वाढवा. चरबी छातीच्या हाडाला गादीसारखी जपते. नवीन नस कधी ब्लॉक होत नाही, गोळ्या बंद करा. रोज आलं-लसणाचा रस घ्या.' मामाजींच्या फिरायच्या ग्रुपवरून तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या ऑफिसच्याही.

लसूण फोडणीत घाला. रस पिऊन ब्लॉक उघडत नाही, एवढं पुरे.

गादीची गोष्ट तर साफ उलटी आहे. ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. लठ्ठपणा आणि सोबत शुगर असली की त्या जखमेत इन्फेक्शन होण्याचा धोका वाढतो. मामाजींना दोन्ही आहे.

ब्लॉकला वळसा घालून जोडलेली ही 'नवीन नस' कुठून येते, हे लिहिणाऱ्याला माहीत तरी आहे का? ती पेशंटच्याच पायातून काढतात. मामाजींच्या पोटरीवर घोट्यापासून वर टाक्यांची रांग आहे, ती त्याचीच. पायातून घेतलेल्या अशा नसांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतली धमनी वापरली असेल तर ती पुष्कळ टिकते. पण तिच्या भरवशावर अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्ट्रॉलची गोळी सोडायला सांगणं म्हणजे एखाद्याचा जीव घेणं आहे, मग मेसेजखाली कितीही हात जोडलेले असोत.

आता मुख्य मुद्दा, जाड पेशंट जास्त जगतात हा. मान्य करायला जीवावर येतं, पण त्यात अर्धं खरं आहे. 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 40 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापून आलं. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेले अडीच लाख रुग्ण होते त्यात. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा. 25 ते 30 बीएमआयवाल्यांत मृत्यू सगळ्यात कमी आणि 20 च्या खालच्यांत जास्त दिसले. (वीस वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट डॉक्टर लपवतात म्हणजे कशी, देव जाणे.)

मेसेजवाला इथंच थांबला. त्याच पेपरात पुढे आहे की बीएमआय 35 च्या वर गेला की हृदयविकारानं मरण्याचा धोका जवळपास दुप्पट. शिवाय या रुग्णांवर सरासरी चारच वर्षं लक्ष ठेवलं होतं, आणि पायाच्या नसेची खरी परीक्षा तर त्यानंतर सुरू होते. बारीक लोकांत कोण येतं, हेही पाहा. किडनी गेलेले, बिडीनं फुप्फुसं जाळलेले, कॅन्सरनं खंगलेले. आजारानं त्यांचं वजन उतरवलं. वजन उतरलं म्हणून ते आजारी पडले असं नाही. आणि त्या पेपरात कुणालाही वजन वाढवायला लावून पाहिलेलं नाही.

मामाजींचा बीएमआय 28. "म्हणजे मी बरोबर मधातच आहे की नाही?" म्हणून खूश. पण बीएमआयला मांस कळत नाही आणि चरबीही कळत नाही, हे त्या पेपरच्या लेखकांनीच लिहून ठेवलंय. आपल्या लोकांत तर 23 पासूनच जास्त वजन धरतात, कारण आपली चरबी पोटावर बसते. मी शिलाई मशीनच्या खणातून टेप काढला. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी. मामाजींनी श्वास ओढून धरला तरी 104.

"टेप ढिला आहे," म्हणाले.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे त्यांची भूक मेली होती, तेव्हा वरण, अंडी, दही मीच आग्रह करून वाढलं. जखम भरायला ते लागतंच. आणि तुमच्या घरी बायपास झालेल्या कुणाचं वजन आपोआप उतरत असेल, कपडे सैल होत असतील, तर कौतुक करू नका, डॉक्टरांना दाखवा. मेसेजमधला 'बारीक पेशंट' तो आहे. आमच्याकडे मात्र मामाजी सोमवारपासून अंबाझरी तलावावर अर्धा तास चालतायत, आणि पोह्यावर तर्री कोण वाढणार हे सासूबाईंनी ठरवलंय.